घरालाच स्टुडिओ करणारा स्वरकारागीर : लेस पॉल

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

गणेशोत्सव असो, भीमजयंती असो वा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन. शहरातील होतकरू गायक-वादकांना आपले गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी आता मुंबई-पुण्याची वाट धरावीच लागते असे नाही. सिडकोतील दोन खोल्यांच्या घरात खिडकीला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा आणि संगणकापुढे बसायचे. आधी ताल, मग हार्मोनियम, त्यावर मुख्य आवाज आणि शेवटी त्याच गळ्यातून निघालेला तीन-चार आवाजांचा कोरस. एखादी ओळ बिघडली तर तेवढीच पुन्हा गायची. दहा टेक जपून ठेवायचे आणि त्यांतील उत्तम तेवढे निवडायचे. आजच्या तरुणाईला ही सोय नळाच्या पाण्याइतकी सहज वाटते. मात्र, एका माणसाने स्वतःच्या आवाजावर वा वाद्यावर स्वतःच साथ चढवायची, तीही घरात बसून, ही गोष्ट जगाच्या गळी उतरवण्यासाठी एका गिटारवादकाने आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घातली. शेकडो तबकड्या वाया घालवल्या, मोडलेला हात वाकडा जोडून घेतला आणि अखेर संसारही गमावला. ऑगस्ट २००९ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी निधन पावलेल्या या अमेरिकी कलावंताचे नाव लेस पॉल.

आपल्याकडे हे नाव प्रामुख्याने गिब्सन कंपनीच्या गिटारवर वाचले जाते. ती गिटार खांद्याला अडकवणाऱ्या अनेकांना लेस पॉल हा हाडामांसाचा माणूस होता, याचीही कल्पना नसते. प्रत्यक्षात गिटारपेक्षाही मोठी त्यांची देणगी आहे ती ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत.

पियानोच्या कागदावरचे धडे

लेस पॉल यांचे मूळ नाव लेस्टर विल्यम पोल्सफस. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा या गावी ९ जून १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. आई-वडील लहानपणीच विभक्त झाल्याने आई इव्हलिन हाच घराचा आधार होता. लेस आठ वर्षांचे असताना गल्लीत खोदकाम करणाऱ्या एका मजुराकडून त्यांना माउथ ऑर्गन मिळाला आणि संगीताशी गाठ पडली. हा मुलगा संगीत कधीच शिकू शकणार नाही, अशी चिठ्ठी पियानोच्या शिक्षिकेने घरी पाठवली होती, असे सांगितले जाते. आईने ती मनावर घेतली नाही.

घरात त्या काळी प्रचलित असलेला स्वयंचलित पियानो होता. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी त्यात फिरे आणि छिद्रांच्या जागेनुसार पट्ट्या आपोआप दाबल्या जात. लेस यांनी त्या कागदावर स्वतःच नवी छिद्रे पाडायला सुरुवात केली. नवा स्वर जुन्या स्वरांच्या जोडीने वाजू लागला. चुकीचे छिद्र पडले की त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि शेजारी दुसरे पाडायचे. आधीच्या सुरावटीवर नवी सुरावट चढवणे आणि चूक तेवढीच दुरुस्त करणे, या पुढील आयुष्यातील दोन्ही गोष्टी या मुलाने त्या खेळातच शिकून घेतल्या.

जिज्ञासेला खोड्यांची जोड होतीच. रस्त्याकडेच्या एका खाद्यगृहापुढे ते गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवत. दोन्ही वाद्ये एकाच वेळी वाजवता यावीत म्हणून त्यांनी तारेची गळपट्टी स्वतःच तयार केली. मोटारीत बसलेल्या मागच्या ग्राहकांना आवाज पोहोचत नाही, हे लक्षात येताच टेलिफोनचा बोलण्याचा भाग काढून तो आईच्या रेडिओला जोडला. गिटारच्या लाकडावर ग्रामोफोनची सुई टेकवून तिचाही आवाज रेडिओतून काढला. शाळकरी वयातील हे उद्योग पाहता, पुढे शालेय शिक्षण अर्धवट सोडून ते बँडबरोबर बाहेर पडले याचे नवल वाटत नाही. सेंट लुईस आणि नंतर शिकागोच्या रेडिओ केंद्रांवर त्यांनी वादन केले. शिकागोत ते सकाळी 'रुबार्ब रेड' या नावाने ग्रामीण बाजाची गाणी सादर करीत आणि रात्री 'लेस पॉल' या नावाने जॅझ वाजवत.

दीपमाळेसारखी एकच तबकडी

लेस पॉल यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे होते, हे समजून घ्यावे लागते. भारतात १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले आणि ग्रामोफोनचे युग सुरू झाले. बालगंधर्वांची नाट्यपदे, अब्दुल करीम खाँ यांच्या रागदारीच्या आणि ठुमरीच्या तबकड्या, हिराबाई बडोदेकरांची पदे घराघरांत पोहोचली ती या तबकड्यांमुळेच. मैफलीत तासभर राग फुलवणाऱ्या गवयाला येथे तीन-साडेतीन मिनिटांत सारे मांडावे लागे. गायक, साथीदार असे सारे एकत्र बसून गात-वाजवत आणि आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. शेवटच्या क्षणी तबलजीचा हात चुकला, तरी पूर्ण तबकडी बाद होत असे. दीपमाळेतील एक दिवा विझला म्हणून सगळ्या पुन्हा पेटवाव्यात, तसा हा प्रकार. चुकीचा तुकडा कापून टाकणे किंवा एका टेकमधील ओळ दुसऱ्यात जोडणे शक्यच नव्हते. मुंबईतील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणातही पुढे कितीतरी वर्षे गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवत होता.

अमेरिकेतही परिस्थिती वेगळी नव्हती. एका कलावंताने अनेक वाद्यांचे थर चढवण्याचा प्रयोग लेस पॉल यांच्याआधी झाला होता. सिडनी बेशे या जॅझ वादकाने १९४१ मध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स अशी वाद्ये एकट्याने वाजवून एक तबकडी तयार केली होती. मात्र, तो एक चमत्कार म्हणून पाहिला गेला. लेस पॉल यांनी त्या चमत्काराची रीतसर कार्यपद्धती केली. हे श्रेय त्यांचेच.

लाकडाचा ओंडका आणि विजेचा धक्का

१९३८ मध्ये लेस पॉल न्यूयॉर्कला आले. जिम ऍटकिन्स आणि एर्नी न्यूटन या साथीदारांसह त्यांचे त्रिकूट फ्रेड वॉरिंग यांच्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात वाजवू लागले. याच काळात पोकळ गिटारच्या लाकडाचा कंप त्यांना खुपू लागला. तार जास्त वेळ निनादावी आणि नको तो घुमारा टाळावा, यासाठी त्यांनी रविवारी बंद असलेल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात बसून पाइनच्या भरीव ओंडक्याला तारा आणि चुंबकीय पिकअप जोडले. 'लॉग' अर्थात ओंडका याच नावाने ते वाद्य प्रसिद्ध झाले. दिसायला ते इतके विचित्र होते की श्रोत्यांना रुचावे म्हणून दोन्ही बाजूंना गिटारचे अर्धे-अर्धे खोके चिकटवावे लागले. गिब्सन कंपनीने सुरुवातीला ही कल्पना धुडकावली. भरीव गिटारना बाजारात मागणी येऊ लागल्यावर त्याच कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल यांच्या नावाची गिटार बाजारात आणली.

१९४१ मध्ये क्वीन्स भागातील राहत्या इमारतीच्या तळघरात प्रयोग करीत असताना त्यांना विजेचा तीव्र धक्का बसला. जीव वाचला, मात्र सावरण्यात दीर्घ काळ गेला. त्यानंतर ते हॉलिवूडला आले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या रेडिओ सेवेत काम केले. २ जुलै १९४४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या 'जॅझ ऍट द फिलहार्मोनिक' या मालिकेच्या पहिल्या मैफलीत ते नॅट किंग कोल यांच्यासोबत रंगले. १९४५ मध्ये विख्यात गायक बिंग क्रॉस्बी यांच्या 'इट्स बीन अ लाँग, लाँग टाइम' या गाण्याला त्यांच्या त्रिकुटाची साथ होती आणि ते गाणे लोकप्रियतेच्या यादीत अव्वल ठरले. लेस यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारावा, असा आग्रह क्रॉस्बी यांनीच धरला.

गॅरेजमधील पाचशे तबकड्या

हॉलिवूडमधील घराच्या गॅरेजमध्ये हा स्टुडिओ आकाराला आला. तबकडी कोरण्याचे यंत्र विकत घेण्याऐवजी लेस यांनी ते स्वतःच जुळवले. तबकडी एकसारख्या वेगाने फिरावी म्हणून त्यात कॅडिलॅक मोटारीचे जड चाक बसवले.

याच सुमारास घडलेली एक घटना त्यांच्या मनाला लागली. आईने रेडिओवर त्यांचे वादन ऐकल्याचे सांगितले. प्रत्यक्षात ते वादन दुसऱ्याच कुणाचे होते. सख्ख्या आईलाही आपला बाज ओळखता येत नसेल तर आपले वेगळेपण काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. कार्यक्रमांचे दौरे थांबवून त्यांनी स्वतःला गॅरेजमध्ये कोंडून घेतले.

पद्धत अशी होती : गिटारचा पहिला भाग एका तबकडीवर मुद्रित करायचा. ती तबकडी वाजवत असताना तिच्या जोडीने दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. तिसऱ्या भागासाठी पुन्हा हेच. एखादा भाग अर्ध्या वेगाने मुद्रित करून दुप्पट वेगाने वाजवला की स्वर एक सप्तक वर जाई आणि माणसाच्या बोटांना अशक्य वाटावी अशी तान उमटे. सातव्या थराला बोट घसरले तर मागे जायचे, नवी तबकडी घ्यायची. या खटपटीत सुमारे पाचशे तबकड्या वाया गेल्याचे सांगितले जाते. त्यातून 'लव्हर' हे आठ गिटारांचे वादन सिद्ध झाले. आठही गिटार वाजवणारे हात एकच होते. कॅपिटॉल कंपनीने १९४८ मध्ये ही तबकडी प्रकाशित केली आणि श्रोते थक्क झाले.

वाकडा जोडलेला हात

मात्र, हे यश अनुभवण्याच्या स्थितीत लेस पॉल नव्हते. जानेवारी १९४८ मध्ये ओक्लाहोमा राज्यातून जाताना बर्फाळ रस्त्यावर त्यांची मोटार घसरून खोल कोसळली. मोटार चालवत होत्या त्यांच्या सहगायिका आयरिस कॉलिन समर्स. पुढे त्या मेरी फोर्ड या नावाने जगप्रसिद्ध झाल्या. लेस यांच्या उजव्या हाताच्या कोपराचा चुरा झाला. हात कापावा लागेल, अशीही चर्चा झाली. अखेर हात वाचला. पण कोपर पुन्हा कधीच वाकणार नव्हते. ते ज्या कोनात बसवले जाईल, त्याच कोनात कायमचे राहणार होते. तेव्हा गिटार छातीशी धरून तारा छेडता येतील, अशा बेताने हात वाकवून जोडावा, अशी विनंती लेस यांनी डॉक्टरांना केली. डॉक्टरांनी ती मान्य केली. पुढील साठ वर्षे त्यांनी त्याच वाकलेल्या हाताने वादन केले.

प्लास्टरमधील दीड वर्षाच्या काळात मेरी त्यांच्या सोबत होत्या. २९ डिसेंबर १९४९ रोजी दोघांचा विवाह झाला. लेस यांचा हा दुसरा विवाह.

एक चूक आणि सारे पाण्यात

१९४९ मध्ये बिंग क्रॉस्बी यांनी लेस यांना अँपेक्स कंपनीचे ध्वनिफीत यंत्र भेट दिले. महायुद्धानंतर जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या चुंबकीय फितीच्या तंत्रावर ते बेतलेले होते. या यंत्रात फीत क्रमाने तीन हेडसमोरून सरकते : पहिले जुना आवाज पुसते, दुसरे नवा आवाज मुद्रित करते आणि तिसरे तो ऐकवते. लेस यांनी पुसणाऱ्या हेडच्याही आधी आणखी एक ऐकवणारे हेड बसवले. त्यामुळे जुना आवाज पुसला जाण्यापूर्वी उचलता येऊ लागला. तो कानांत ऐकत नवा भाग वाजवायचा, दोन्ही एकत्र करायचे आणि त्याच फितीवर पुन्हा मुद्रित करायचे. यंत्र एक, फीत एक आणि थर हवे तितके. यंत्र मोटारीत घालून कुठेही नेता येत असल्याने हॉटेलची खोली, स्वयंपाकघर, जिना असे कोणतेही ठिकाण स्टुडिओ बनू लागले.

यात एक मोठी जोखीम होती. नवा थर चढताना जुना थर पुसला जाई. त्याची दुसरी प्रत कुठेही नसे. दहा थर उत्तम जमले आणि अकराव्या वेळी मेरींचा श्वास चुकला, दारावर कुणी थाप मारली वा बाहेरून मोठा आवाज आला, तर सगळी मेहनत वाया जाई. पहिल्या थरापासून आरंभ करावा लागे. शिवाय सर्व थर एकत्र मिसळलेले असल्याने एखादी गिटार जास्त मोठी वाटली तरी नंतर ती कमी करता येत नसे. प्रत्येक फेरीत जुन्या थरांचा टवटवीतपणा थोडा कमी होई आणि फितीची खरखर वाढे.

या अडचणींतूनच लेस पॉल यांची शिस्त घडली. सर्वांत कमी महत्त्वाचे भाग ते आधी मुद्रित करीत, कारण तेच सर्वाधिक वेळा पुन्हा मुद्रित होऊन मंद होणार होते. मुख्य गिटार आणि मेरींचा मुख्य आवाज शेवटी येई. त्यामुळे तो ताजा राही. म्हणजे ज्या सुरावटीच्या आधारे बाकी सारे उभे राहायचे, ती शेवटपर्यंत फितीवर नसेच. ती दोघांच्या डोक्यात असे. संपूर्ण गाणे, प्रत्येक गिटारची जागा, प्रत्येक आवाजाची पट्टी आधीच पक्की पाठ असल्याशिवाय यंत्राला हात लावण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे ज्याला घोटून तयारी करणे म्हणतात, तीच ही तयारी. टेक घेण्याच्या आधीचा रियाज हाच येथे खरा टेक होता.

मेरी फोर्ड यांचे कर्तृत्व याच ठिकाणी लक्षात येते. त्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ, हलक्या आवाजात गात. मोठ्याने गाण्याच्या त्या जमान्यात ही रीत नवी होती. एकाच शब्दाचे चार-पाच सुरांतील उच्चार करताना प्रत्येक वेळी शब्द त्याच क्षणी सुरू व्हावा, त्याच क्षणी संपावा लागे. अन्यथा शेवटची व्यंजने पाठोपाठ फुटल्यासारखी ऐकू येत. ही कामगिरी त्यांनी वर्षानुवर्षे पार पाडली. यंत्राचे श्रेय लेस यांना मिळाले. मात्र त्या यंत्रात उमटलेला समूहस्वर एकट्या मेरींचा होता.

१९५१ मध्ये या जोडीचे 'हाउ हाय द मून' हे गाणे प्रकाशित झाले. गिटार आणि आवाज मिळून त्यात चोवीस थर असल्याचे सांगितले जाते. बिलबोर्डच्या यादीत ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. १९५३ च्या 'वाया कॉन दिओस'ने अकरा आठवडे अव्वल स्थान राखले. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र पेच निर्माण झाला. तबकडीवर चार मेरी ऐकणाऱ्या श्रोत्यांना रंगमंचावर एकच मेरी दिसत होत्या. तेव्हा मेरींची बहीण पडद्याआड उभी राहून साथीचे आवाज गात असे आणि श्रोते चक्रावून जात.

ऑक्टोपस आला, पण…

न्यू जर्सीतील माहवा येथील घर म्हणजे या दाम्पत्याचा स्टुडिओच होता. १९५३ पासून दूरचित्रवाणीवर दाखवला जाणारा त्यांचा छोटेखानी कार्यक्रमही त्यांच्या घरगुती जीवनावरच बेतला होता. हसतमुख पती-पत्नी स्वयंपाकघरात गाणी गात असल्याचे चित्र अमेरिकेने पाहिले.

याच घरात लेस यांच्या मनात नवी कल्पना घोळत होती. थर एकमेकांत मिसळण्याऐवजी एकाच रुंद फितीवर शेजारी-शेजारी आठ स्वतंत्र पट्ट्यांत मुद्रित केले तर? मग एक पट्टी बिघडली तरी बाकी सात सुरक्षित राहतील. अडचण होती ती वेळेची. फितीवर मुद्रण करणारे आणि ऐकवणारे हेड यांत अंतर असल्याने जुना आवाज ऐकून वाजवलेला नवा आवाज किंचित मागे पडे. अँपेक्सचे अभियंता रॉस स्नायडर यांनी यावर तोडगा काढला. मुद्रण करणाऱ्या हेडमधूनच जुन्या पट्ट्या ऐकवल्या की नवी पट्टी नेमकी त्यांच्या बरोबर बसते. 'सेल-सिंक' या नावाने ही योजना ओळखली गेली. १९५७ मध्ये आठ ट्रॅकचे ते यंत्र माहवाच्या घरी पोहोचले. किंमत होती दहा हजार डॉलर. आठ पट्ट्यांमुळे त्याला 'ऑक्टोपस' असे टोपणनाव पडले.

लेस पॉल यांना हवे होते ते सारे आता मिळाले होते. चुकण्याची भीती संपली होती. परंतु नियतीचा खेळ असा की, त्यांची लोकप्रियता तोवर ओसरू लागली होती. रॉक अँड रोलची लाट आली होती आणि तरुण श्रोते दुसरीकडे वळले होते. १९५८ मध्ये हे दाम्पत्य कॅपिटॉल सोडून कोलंबिया कंपनीकडे गेले; पण जुने यश परतले नाही. ऑक्टोपसवर त्यांचे कोणतेही गाणे 'हाउ हाय द मून'च्या उंचीला पोहोचले नाही.

घरातही ताण वाढत होता. १९५४ मध्ये त्यांचे एक अपत्य जन्मानंतर लगेच दगावले. पुढे त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली आणि १९५९ मध्ये मुलगा झाला. सततचे दौरे, कार्यक्रम आणि घरी परतल्यावर पुन्हा मायक्रोफोन. ज्या घरात स्टुडिओ शिरतो, त्या घराला कामाची सुटी कधीच मिळत नाही. मेरींना या जीवनाचा शीण आला होता. लेस यांना थांबणे ठाऊक नव्हते. १९६४ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. मेरी फोर्ड यांचे ३० सप्टेंबर १९७७ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी निधन झाले. प्रत्येक थर दुरुस्त करता येईल असे यंत्र ज्या घरात आले, त्या घरातील संसार मात्र पुन्हा जुळवता आला नाही.

पुन्हा मैफलीकडे

घटस्फोटानंतर लेस पॉल जवळजवळ निवृत्त झाले. दरम्यान त्यांच्या पद्धतीने जग बदलले. साठच्या दशकात बीटल्ससारख्या गटांनी चार ट्रॅकच्या यंत्रांवर अल्बम घडवले. नंतर आठ, सोळा, चोवीस ट्रॅक ही स्टुडिओंची सर्वसाधारण व्यवस्था झाली. १९७९ मध्ये टियाक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारा 'पोर्टास्टुडिओ' बाजारात आणला आणि मल्टिट्रॅक मुद्रण सामान्य संगीतप्रेमींच्या घरात आले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम अशाच यंत्रावर घरी मुद्रित झाला होता. पुढे संगणक आला आणि ट्रॅकची मर्यादाच उरली नाही.

लेस स्वतः १९७६ मध्ये चेट ऍटकिन्स यांच्यासह 'चेस्टर अँड लेस्टर' हा अल्बम घेऊन परतले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. संधिवाताने बोटे आखडत चालली होती. तरीही १९८४ पासून न्यूयॉर्कच्या 'फॅट ट्यूजडेज' या छोट्या क्लबमध्ये दर सोमवारी त्यांनी वादन सुरू केले. १९९६ पासून हा सोमवार 'इरिडियम' क्लबमध्ये साजरा होऊ लागला. १९८८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचा समावेश झाला. वयाच्या नव्वदीत त्यांनी आणखी दोन ग्रॅमी पुरस्कार पटकावले. निधनाच्या काही आठवडे आधीपर्यंत सोमवारची मैफल सुरू होती. बहुतेक बोटे निकामी झाल्यावर उरलेल्या बोटांसाठी त्यांनी सुरावटीच नव्याने बसवल्या. वॉकेशा या जन्मगावीच, आईच्या थडग्याजवळ त्यांना चिरनिद्रा मिळाली.

आजच्या टेकसाठी शिदोरी

शहरातील घराघरांत संगणकावर गाणी मुद्रित करणाऱ्या तरुणांसाठी लेस पॉल यांचे चरित्र म्हणजे केवळ रंजक माहिती नव्हे. आज पुसण्याची भीती नाही, फितीचा खर्च नाही. त्यामुळे टेकची संख्या वाढत जाते. एका कडव्याचे तीस टेक जमा होतात आणि त्यांतील चांगला कोणता हे ठरवण्यातच रात्र सरते. कोणत्या टेकमध्ये सूर नेमका लागला, कोणत्यात भाव उतरला, याची नोंद त्याच वेळी केली नाही तर दुसऱ्या दिवशी सगळे सारखेच वाटू लागते. लेस पॉल यांच्याकडे हा पर्यायच नव्हता; म्हणून त्यांचा निर्णय यंत्र सुरू होण्यापूर्वीच झालेला असे. आधी गाणे पाठ, मग थरांचा क्रम निश्चित आणि त्यानंतर मुद्रण, ही त्यांची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. मोजके टेक घ्यावेत, त्यांची नोंद ठेवावी, नको ते वेळीच काढून टाकावेत आणि एखादी ओळ पाच-सहा वेळा गाऊनही बसत नसेल तर यंत्र बंद करून तानपुरा लावावा, एवढी शिदोरी या कलावंताच्या अनुभवातून सहज घेता येते.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. आवाजाचे थर रचण्याची कला जगाला देणाऱ्या या माणसाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दर सोमवारी थेट श्रोत्यांसमोर बसून वाजवण्यात घालवली. तेथे चुकलेली तान पुसता येत नव्हती आणि दुसरा टेकही नव्हता. आखडलेली बोटे, वाकडा हात आणि समोर बसलेले रसिक यांच्या संगतीत ते रमले. बिनचूक तबकडीसाठी पाचशे तबकड्या बाद करणारा कलावंत उतारवयात चुकांसह वाजवण्यात आनंद मानू लागला, हाच त्यांच्या दीर्घ साधनेचा अखेरचा थर म्हणावा लागेल.